शिकारी पूर्ण झाला तो दिवस

"अहो, ते वापरायला आणलंय की जपायला?"

बायकोने हे विचारलं तेव्हा हळूसाहेब जेवणाच्या टेबलाशी बसले होते. दिवा जवळ ओढलेला, डोळ्यावर भिंग आणि हातात पांढरे सुती हातमोजे. समोर धुतलेल्या मऊ कापडावर ती वस्तू आडवी ठेवली होती. उगाच आडपडदा कशाला, ते सेक्स टॉय होतं. सिलिकोनचं, हाताला अगदी खऱ्या कातडीसारखं लागणारं, पुरुषाच्या नेमक्या त्या अवयवाची हुबेहूब प्रतिकृती. नवरा-बायकोने जोडीने दुकानात जाऊन, पारखून, निवडून आणलेलं. आणून बरेच दिवस झाले होते आणि घरात आल्यापासून त्याला उघड्या हाताचा एकदाही स्पर्श झाला नव्हता.

"हळू," हळूसाहेब म्हणाले. "दिव्याला धक्का लागेल."

त्यांचं खरं नाव आता पगाराच्या दिवशीच कोणाला आठवायचं. गावातल्या संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी आणि जपणूक त्यांच्याकडे होती आणि त्यांचं प्रत्येक वाक्य "हळू" पासून सुरू व्हायचं. हळू उचला, हळू ठेवा, हळू बोला, भांड्याला तडा आहे. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांचं हळूसाहेब असं बारसं केलं आणि ते नाव घरापर्यंत आलं. त्यांच्या बायकोचा मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा होता. अर्धं गाव तिच्या हाताखाली गाडी शिकलं होतं आणि सगळे तिला मॅडम म्हणत. दिवसभर मॅडम अशा माणसांच्या शेजारी बसायच्या ज्यांचा ब्रेकवरचा पाय निघता निघत नाही, आणि संध्याकाळी घरी यायच्या तर तिथेही तेच.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि घर एकदम मोठं झालं, तेव्हा मॅडमनीच हा विषय काढला होता. सकाळी चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "हल्ली आपण दोघं एकमेकांशी फार सभ्य वागायला लागलोय." हळूसाहेबांना वाटलं ही तारीफ आहे. ती तक्रार आहे हे कळायला त्यांना दुपार उजाडली. मग चार दिवस विचार, आठ दिवस वाचन असं करत करत शेवटी दोघं त्या दुकानात गेले.

दुकान चष्म्याच्या दुकानासारखं उजळ आणि स्वच्छ होतं. गळ्यात चष्म्याची साखळी अडकवलेल्या विक्रेत्या बाईंनी दोन नमुने ट्रेमध्ये काढून ठेवले.

"हे स्वस्तातलं. हाताला मऊ लागतं, पण मटेरियलला बारीक छिद्रं असतात. कितीही धुवा, आतलं सगळं निघत नाही. पुढे चिकट होतं, मग पावडर लावत बसायचं. आणि हे सिलिकोन. आतून घट्ट, वरून मऊ, दोन थर आहेत. छिद्रं नाहीत. साबणाने धुवा, आत मोटर नाही म्हणून उकळत्या पाण्यात घातलंत तरी चालतं. वास घेऊन बघा. उग्र वास आला तर माल खोटा समजायचा."

हळूसाहेबांनी वास घेतला. मग खिशातून भिंग काढलं. जेल कुठलं चालतं, पाण्याचं की सिलिकोनचं, असं विचारलं. पाण्याचंच, सिलिकोनवर सिलिकोनचं जेल लावलं तर पृष्ठभाग खराब होतो, असं उत्तर मिळालं. मग उन्हाने रंग उडतो का, दमट हवेत काय होतं, कशात गुंडाळायचं, हे सगळं झालं.

"साहेब, तुम्ही तपासणी खात्यातले का?" बाईंनी शेवटी विचारलं.

"नाही हो, संग्रहालयातले," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मला सांगा. साइज कुठली घ्यायची?"

"डोळ्याने निवडू नका, हाताने निवडा. डोळ्याला नेहमी मोठंच हवं असतं. आणि तळ रुंद असलेलंच घ्या, सुरक्षित असतं. याच्या तळाला रबराच्या टोपीसारखं आहे बघा, गुळगुळीत जागेवर दाबलं की हवा निघून जाते आणि घट्ट बसतं."

मॅडमनी मधल्या आकाराचं निवडलं आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. हळूसाहेब बोलायचे थांबले. सगळं आयुष्य त्यांनी दगडाच्या गालांचे आणि मातीच्या बोटांचे कोपरे भरण्यात घातलं होतं. कातडीची नक्कल किती अवघड असते हे त्यांच्याइतकं त्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. ज्याने कोणी ही वस्तू घडवली होती त्याने माणूस नीट पाहिला होता. शीर कुठे वर येते आणि कुठे बुडते, रंग कुठे गडद होतो, मऊपणाच्या खाली घट्टपणा कुठून सुरू होतो, काहीच सुटलं नव्हतं. हळूसाहेबांनी मान खाली घातली. मॅडमना वाटलं ते लाजले. ती लाज नव्हती, भक्ती होती. आणि त्या भक्तीच्या तळाशी आणखीही एक गोष्ट होती, जी हळूसाहेबांनी अजून स्वतःलाही धड सांगितली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी ती वस्तू पाहुण्यांच्या खोलीत एकटी ठेवली. संग्रहालयात येणारी प्रत्येक नवी वस्तू आधी अशीच वेगळी ठेवतात, सोबत कीड-बुरशी आली असेल तर ती इतरांना लागू नये म्हणून.

"सिलिकोनला कीड लागत नाही," मॅडम म्हणाल्या.

"अजून लागलेली नाही," हळूसाहेब म्हणाले.

कीड निघाली नाही. मग धुणं झालं, वाळवणं झालं, उजेड लागू नये म्हणून काळं कापड झालं. खोली गरम होते म्हणून कपाट बदललं. मॅडम बघत होत्या. नवशिक्यांना त्या कधी ओरडत नसत, पण प्रत्येकाला एक दिवस असा येई की त्या किल्ली काढून घेत आणि म्हणत, आता तुम्हीच सांगा, शिकायचंय की नाही. आज तो दिवस आला होता.

"उद्या आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी काय ते होऊ दे. भिंग नको, हातमोजे नकोत. उद्याही तुम्ही काही कारण काढलंत, तर मी समजेन की ही वस्तू नुसतं निमित्त आहे, तुम्हाला मीच नको झालेय. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

त्या हे शांतपणे बोलल्या, त्यामुळे हळूसाहेब जास्तच घाबरले. आवाज चढवणाऱ्या बायकोची त्यांना सवय होती. "उद्या संध्याकाळी," ते म्हणाले. "शब्द देतो." हे म्हणताना त्यांनी डावा तळहात त्या वस्तूवर आडवा धरला होता. कारण तळहाताखाली एक डाग होता.

दुकानातल्या बाईंनी खरेदीवर एक कीचेन फुकट दिली होती. गुलाबी रंगाचं, स्वस्त मऊ रबराचं बदाम. हळूसाहेबांनी ते त्या वस्तूच्याच डब्यात टाकून ठेवलं होतं. दोन वेगळ्या जातीची रबरं एकमेकांना टेकून राहिली आणि बदाम पाघळून त्या सुंदर शिरेवर चिकट गुलाबी थर धरून बसलं. नव्या सहायकांना पहिल्या दिवशी हळूसाहेब स्वतः सांगत की दोन पदार्थ कधी एकमेकांना लागून ठेवू नका. आता हे मॅडमना कसं सांगायचं? त्या एवढंच विचारतील, विसरलात की मुद्दाम? आणि याचं उत्तर आपल्याला नक्की माहीत आहे का, अशी शंका हळूसाहेबांना आली. त्यांनी ठरवलं की सकाळी वस्तू गुपचूप संग्रहालयात न्यायची, तिथे शुद्ध पाणी आहे, सौम्य साबण आहे, मोठं भिंग आहे. डाग काढायचा आणि संध्याकाळच्या आत घरी.

संग्रहालयात त्या दिवशी धांदल होती. नवं दालन संध्याकाळी उघडणार होतं आणि त्यातला मुख्य मानकरी अजून हळूसाहेबांच्या खोलीत चाकाच्या चौथऱ्यावर उभा होता. तो म्हणजे शिकारी. पांढऱ्या संगमरवराचा, माणसापेक्षा थोडा उंच, अंगावर धागा नसलेला. हात, पाय, नाक, पायाशी बसलेला कुत्रा, सगळं शाबूत. फक्त एक गोष्ट कुठल्याशा काळात कोणाच्या तरी हातून गेली होती. मग आणखी कुठल्याशा काळात एका सभ्य कारागिराने ती जागा घासून आरशासारखी सपाट केली आणि तिथे दगडी पान चिकटवलं. पुढे तेही पडलं.

दालनाचा खर्च मोठ्या बाई करत होत्या. वयाने ऐंशीच्या आसपास, हातात काठी, बोलणं मोजकं. "अर्धवट माणूस मी लोकांना दाखवणार नाही," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हापासून संचालक हळूसाहेबांच्या मागे लागले होते की काहीतरी तात्पुरतं करून बसवा. हळूसाहेब ठाम होते. जे गेलं ते गेलं. नवीन बसवायचंच तर मूळ दगडाला ओरखडा न येता ते केव्हाही परत काढता आलं पाहिजे, याला त्यांच्या विद्येत रिव्हर्सिबल म्हणतात. गोंद रिव्हर्सिबल नाही, खिळा तर नाहीच. शेवटी संचालकांनी हात टेकले आणि शिकाऱ्यासमोर उंच झाडाची कुंडी ठेवायचं ठरलं.

हळूसाहेबांनी खोलीचं दार लोटून काम केलं. डाग निघाला. निघालेल्या जागी शीर पुन्हा वर आली तेव्हा त्यांना एखादं जुनं चित्र धुळीतून उघडं पडावं तसं वाटलं. त्यांनी वस्तू तळावर उभी करून ट्रेमध्ये वाळायला ठेवली आणि हाताच्या सवयीने शेजारी चिठ्ठी टेकवली. सुकत आहे, हात लावू नये. तेवढ्यात पहारेकरी आला. दालनातल्या एका काचेच्या पेटीचं कुलूप अडकलं होतं आणि आत दिवा लावायचा राहिला होता. हळूसाहेब गेले, आणि ते कुलूप सरळ स्वभावाचं नव्हतं. दुपार त्यातच गेली.

परत आले तेव्हा पहारेकरी त्यांच्या खोलीच्या दाराशी टोपी काढून उभा होता.

"मानलं साहेब तुम्हाला," तो कुजबुजला. "एवढे दिवस नाही नाही म्हणत होतात."

आत संचालक उभे होते. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. ट्रे रिकामा होता. हळूसाहेबांनी मान वर केली आणि त्यांचे पाय जागीच थांबले.

शिकारी पूर्ण झाला होता.

खरं तर त्यांना घाम फुटायला हवा होता, आणि तो फुटलाही, पण थोडा उशिराने. आधी ते नुसते बघत राहिले. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की शिकारी दूरवर काहीतरी शोधतोय. आज कळलं की तो काहीच शोधत नाहीये, नुसता निवांत उभा आहे, आपल्या अंगात सुखाने. कंबरेचा बाक, पोटावरची सावली, खांद्याचा कल, सगळ्याचा अर्थ एका जागी येऊन लागत होता. मापही असं की जणू त्याच्यासाठीच दुकानातून आणलं असावं.

"मी तुमची माफी मागतो," संचालक भरल्या आवाजात म्हणाले. "मला वाटत होतं तुम्ही नुसते नियम सांगताय. आणि तुम्ही गुपचूप हे घडवत होतात. काय काम आहे हो. मी फक्त जवळ नेलं, आणि त्याने स्वतःच धरलं. ना गोंद, ना खिळा. पूर्ण रिव्हर्सिबल."

"सर, हात लावू नये असं लिहिलं होतं."

"ते इतरांसाठी."

"सर, पण रंग बघा. दगड पांढरा आहे. हे अगदीच वेगळं दिसतंय."

"अहो, पूर्वी हे पुतळे रंगवलेले असायचे, हे गेल्या भाषणात तुम्हीच सांगितलंत. बाकीचा रंग काळाने नेला, एवढा तुम्ही परत आणलात. मी हेच बोलणार आहे संध्याकाळी."

स्वतःच्या भाषणात माणूस असा अडकेल असं हळूसाहेबांना कधी वाटलं नव्हतं. ते पुढे झाले, हातमोजे चढवून दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. वस्तू जागची हलली नाही. शिकारी मात्र चौथऱ्यावर किंचित डुलला, आणि त्याबरोबर हळूसाहेबांचे हात आपोआप सुटले. मूळ दगडावर जोर द्यायचा नाही, हे त्यांच्या मनाने विसरायचं ठरवलं असतं तरी हातांनी ऐकलं नसतं.

"सर, मला हे आज घरी न्यायचं आहे," ते शेवटी म्हणाले.

"घरी? कशाला?"

"अजून... त्याचं काम राहिलंय."

संचालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तुमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, पहारेकरी सांगत होता. आजसुद्धा काम घरी नेणार? जरा बायकोचाही विचार करत जा."

मोठ्या बाई काठी टेकत उठल्या, शिकाऱ्याजवळ गेल्या, बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श केला आणि मग हळूसाहेबांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "काम छान आहे," एवढंच त्या म्हणाल्या. मग चार माणसं आली आणि शिकाऱ्याला ढकलत नव्या दालनात घेऊन गेली. कुंडी परत बागेत गेली.

पाहुणे यायला लागले तेव्हा फोन वाजला.

"माझी शेवटची बॅच सुटली," मॅडम म्हणाल्या. "निघालात का?"

"जरा अडकलोय."

"वाटलंच होतं मला," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ते कपाटात नाहीये. मी बघितलं. टाकून दिलंत ना?"

"नाही गं. तेही अडकलंय."

"कुठे?"

"शिकाऱ्याला."

पलीकडे किल्ल्या उचलल्याचा आवाज आला. "मी येतेय," मॅडम म्हणाल्या.

डोक्यावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी असलेली गाडी संग्रहालयाच्या दारात लागली तेव्हा संचालकांचं भाषण रंगात आलं होतं. दालन भरलेलं होतं, पण चप्पल सरकल्याचा आवाजही येत नव्हता. बायका माना किंचित कलत्या करून बघत होत्या. एका जाडजूड गृहस्थांनी नकळत पोट आत घेतलं होतं आणि ते सोडायचं त्यांना सुचत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या शिक्षिकेने डोळे पुसले. "काळाने जे हिरावलं," संचालक म्हणत होते, "ते माणसाच्या हातांनी परत दिलं. या कलाकाराने किती रात्री यावर घालवल्या असतील, याची कल्पना करा." सगळ्यांनी वळून हळूसाहेबांकडे आदराने बघितलं.

मॅडमनी एकदा शिकाऱ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खांबाच्या मागे गेल्या. हळूसाहेब मागोमाग गेले. मॅडम रडताहेत की काय अशी त्यांना भीती वाटली. त्या हसत होत्या, पण हसू ओसरलं तेव्हा डोळे खरंच ओले होते.

"आता खरं सांगा," त्या म्हणाल्या. "डाग, कीड, उजेड, हे सगळं राहू द्या. तुम्हाला नकोय का हे?"

हळूसाहेबांनी खिशातले सुती हातमोजे चुरगाळले. आजवर न सांगितलेली गोष्ट घशाशी आली होती आणि आता तिला अडवायला एकही कारण शिल्लक नव्हतं.

"मला भीती वाटत होती," ते म्हणाले. "ते फार चांगलं आहे गं. त्यात एक चूक नाही. मी रोज भिंगातून शोधतोय, सापडत नाही. माझ्यात एवढ्या आहेत. मला वाटलं, एकदा हे घरात रुळलं की मग माझं काय काम?"

मॅडमनी खांबाआडून शिकाऱ्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्याकडे बघा. इतक्या वर्षांनी सगळं परत मिळालं, अर्धं गाव समोर उभं आहे. जागचा हललाय का?"

हळूसाहेबांनी बघितलं. शिकारी हलला नव्हता.

"मला हलणारा माणूस हवाय," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं सामान आहे. सामान दुकानात मिळतं."

हळूसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ अमोल गोष्टी हाताळल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे त्यांचा श्वास अडकला होता, पण घरातल्या या माणसाकडे आपण किती दिवसांत नीट पाहिलं नाही, हे त्यांना तेव्हा लख्ख कळलं आणि स्वतःचाच राग आला.

"ओढून निघत नाही ते," शेजारून आवाज आला.

मोठ्या बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मघाशी तुम्ही ओढत होतात, तेव्हाच सांगणार होते. तळाच्या कडेला नख घालायचं आणि जरासं उचलायचं. हवा आत गेली की आपोआप सुटतं. माझ्याकडचं एकदा न्हाणीघराच्या फरशीला असंच धरून बसलं होतं. दिवसभर नुसती चिडचिड."

हळूसाहेब त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला... माहीत होतं?"

"बघितल्याबरोबर. माझं जरा गोरं आहे."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"संचालक इतकं सुंदर बोलत होते. आणि खरं सांगू, मला शिकारी एकदा पूर्ण बघायचा होता. बघितला. छान होता. आता अर्धवट चालेल मला." त्या वळल्या आणि काठी फरशीवर आपटली. "संचालक, चहा गार होतोय. सगळ्यांना घेऊन जा बघू बाहेर."

ज्यांच्या पैशांनी दालन उभं आहे त्यांनी चहा म्हटलं की चहा. पाच मिनिटांत दालन रिकामं झालं. पहारेकऱ्याला मोठ्या बाईंनी दार ओढून घ्यायला सांगितलं.

हळूसाहेब शिकाऱ्यासमोर उभे राहिले. सवयीने हात खिशातल्या हातमोज्यांकडे गेला. मग त्यांनी हातमोजे मॅडमच्या हातात दिले आणि उघड्या बोटांनी, नखाने, तळाची कड किंचित उचलली. बारीकसा 'टप्' झाला. वस्तू हलकेच तळहातावर आली. दगडावर ओरखडाही नव्हता. दुकानातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्या उघड्या हाताला लागत होती, आणि त्यांना वाटलं होतं तितकी ती भीतीदायक नव्हती. रबर होतं, चांगल्या जातीचं.

"घरी गेल्यावर गरम पाणी आणि साबण," मोठ्या बाई म्हणाल्या. "एवढ्या लोकांचे श्वास लागलेत. आणि ठेवताना वेगळी पिशवी, दुसऱ्या कशाला टेकू द्यायचं नाही." त्यांनी आपल्या चष्म्याची मऊ पिशवी रिकामी करून पुढे केली. "ही घ्या. वाढदिवसाची भेट."

हळूसाहेबांनी वाकून नमस्कार केला. इतक्या मनापासून त्यांनी आजवर कुठल्याच देणगीदाराला नमस्कार केला नव्हता. मॅडमनी पिशवी पर्समध्ये, शिकाऊ मंडळींच्या फोटोंशेजारी ठेवली आणि मग आठवण होऊन वेगळ्या कप्प्यात ठेवली.

दोघं दाराशी पोचले तेव्हा संचालक हातात कप घेऊन परत येत होते. ते शिकाऱ्यासमोर गेले, थांबले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. सपाट जागेवर दिव्याचा प्रकाश चमकत होता.

"अहो, कुठे गेलं?"

"सर, रिव्हर्सिबल होतं," हळूसाहेब म्हणाले.

संचालकांनी कप खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच भक्तिभाव पसरला.

"इतकं?" ते पुटपुटले.

"असू दे तसाच," मोठ्या बाई काठी टेकत म्हणाल्या. "जे गेलं ते गेलं. हळूसाहेब म्हणतात ते बरोबर आहे."

बाहेर गाडीशी आल्यावर हळूसाहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मॅडमना नवल वाटलं, कारण त्यांचा नवरा गाडी चालवायला लागला की मागची सायकलसुद्धा पुढे निघून जाते. पण त्यांनी किल्ली दिली आणि आपल्या नेहमीच्या जागी, शिकवणाऱ्याच्या बाजूला बसल्या. तिथेही पायाशी एक ब्रेक असतो. घरच्या माणसासाठी तो दाबायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

चौक गेला, पूल गेला, शाळा गेली. खिडकीतून वारा एवढा येत होता की मॅडमना केस धरून ठेवावे लागले. घराच्या अलीकडचं शेवटचं वळण आलं, गाडीचा वेग काही कमी होईना, तेव्हा मॅडमनी पर्स छातीशी घट्ट धरली आणि आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

"हळू," मॅडम म्हणाल्या.